दोन युनिट हवा

मे महिन्याची दुपार. शेजारचे काका दारात येऊन म्हणाले, “खोलीत किती उष्णता साठलीय हो!” आणि माझी जुनी खोड उसळली.

भिंती तापल्यात, ते वेगळं. पण खोलीतल्या हवेची एकूण आंतरिक ऊर्जा, म्हणजे तिच्या रेणूंच्या हालचालीची ऊर्जा, सकाळी होती तेवढीच आहे, काका. हवा तापते, फुगते, थोडी खिडकीतून निघून जाते. उरलेले रेणू जोरात पळतात, पण संख्येने कमी. खगोलभौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट एम्डेन यांनी १९३८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं होतं, त्यांचा प्रश्न होता, हिवाळ्यात घर तापवायचं कशाला? दहा बाय दहाची खोली, उंचीही तेवढीच, समुद्रसपाटीचा दाब: सुमारे ७२ लाख ज्यूल. म्हणजे दोन युनिट वीज. एसी लावा, नका लावू. बिल तेवढं वेगळं.

हा आकडा निघतो पाचामुळे. नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूला पळायच्या तीन दिशा, गिरकीच्या दोन, आणि प्रत्येकीला ऊर्जेचा सारखा वाटा. रेणूतल्या दोन अणूंचं कंपन धरलं तर सात व्हायला हवेत. पण साध्या तापमानाला ते गोठलेलंच, म्हणजे जवळजवळ बंद. एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेललाही हा हिशेब जुळेना.

गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत सुट्टीभर कॅरम चालायचा. मेमध्ये बोरिक पावडर टाकली की सोंगटी सरकता सरकता स्वतःभोवती भिरभिरायची. नेम चुकला तरी मी ती गिरकीच बघत बसायचो. दादा ओरडायचा, “बघतोयस काय, स्ट्रायकर दे!” जुलै लागला की बोर्ड फुगायचा, पावडरीचे गोळे व्हायचे. सोंगटी नुसती सरकायची, तीही कुरकुरत.

हायड्रोजनचं थंडीत असंच होतं. १९१२ साली आर्नोल्ड ऑयकेन या शास्त्रज्ञाने त्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे अंशभर तापायला लागणारी उष्णता, मोजली, तर उणे २०० अंशांच्या खाली ती एका अणूच्या वायूइतकी उतरलेली. पाचाचे तीन. तिथे ना दमटपणा, ना पावडर. गिरकीला लागणारी ऊर्जा एकरकमी हवी, आणि थंड रेणूंच्या टकरीत तेवढी सुटतच नाही.

पाण्याचा रेणू मात्र वाकडा, म्हणून त्याला गिरकीच्याही तिन्ही दिशा मोकळ्या. एकूण सहा. मुंबईच्या हवेत तो भरपूर आहे. त्याने घाम वाळत नाही, एवढंच.