सिन पेना

मी ह्यूस्टनमधल्या एका रुग्णालयात स्पॅनिश दुभाषी आहे. पेशंट स्पॅनिशमध्ये बोलतो, डॉक्टर इंग्रजीत, आणि मधल्या माणसाने स्वतःचं काही बोलायचं नसतं. पेशंट म्हणाली "माझं पोट दुखतंय", तर मीही इंग्रजीत "माझं पोट दुखतंय" असंच म्हणते. "त्या म्हणतायत की" असं नाही. उभं राहायचं पेशंटच्या खांद्याच्या थोडं मागे, म्हणजे ती माझ्याऐवजी डॉक्टरकडे बघून बोलते. हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

मागच्या मंगळवारी होंडुरासच्या एक बाई आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, चापूनचोपून केस बांधलेल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) रविवारी चर्चला जाणं बंद, बहिणीकडे जाणं बंद. रात्री चार-चार वेळा उठते, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाहेर जाणं का सोडलंत?" बाईंचे डोळे भरून आले. खाली बघत त्या म्हणाल्या, "मे दा मुचा पेना."

मी म्हणाले, "मला फार दुःख होतं."

पुढचं सगळं त्या एका वाक्यामागे गेलं. डॉक्टरीणबाईंनी नैराश्याची प्रश्नावली काढली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. झोप आणि थकवा सोडून बाई सगळ्याला "नाही, नाही" म्हणत राहिल्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं, लपवतायत. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. समुपदेशन ठरलं, एक गोळी ठरली. वीस मिनिटं संपली. आमच्याकडे प्रत्येक भेटीला वीसच मिनिटं असतात, मग मध्ये दुभाषी असो वा नसो. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणजे त्या पेशंटला प्रत्यक्षात दहाच मिळतात. हा अन्याय आहे, आणि वेळापत्रक आखणाऱ्या कुणालाही तो दिसत नाही.

लिफ्टपाशी बाई माझ्यासाठी बाजूला सरकल्या. मी संकोचून थांबले, तर हाताने दार अडवून धरत म्हणाल्या, "पासे, पासे, सिन पेना." या ना, लाजू नका.

माझ्या पोटात धस्स झालं.

मी स्पॅनिश शिकले पुण्यात, स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकांतून. स्पेनमध्ये पेना म्हणजे दुःख, वाईट वाटणं, कीव. सामना हरला तर "के पेना!" लॅटिनमधल्या शिक्षेच्या शब्दावरून तो आलाय, इंग्रजीतले पेन (म्हणजे वेदना) आणि पेनल्टी त्याच घरचे. म्हणून फाशी म्हणजे "पेना दे मुएर्ते". "बाले ला पेना" म्हणजे त्या कष्टाचं चीज होतं, आणि "आ दूरास पेनास" म्हणजे कसंबसं, मरतमरत. हे सगळं मी घोकलं होतं. पण मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबिया, व्हेनेझुएला इथे रोजच्या बोलण्यात पेना म्हणजे लाज. कोलंबियन माणूस तुम्हाला त्रास दिला म्हणून "के पेना कोन उस्तेद" म्हणतो, तेव्हा तो दुःखी नसतो, ओशाळलेला असतो. मेक्सिकोत लाजाळू पोराला "पेनोसो" म्हणतात. स्पेनमध्ये तोच शब्द दयनीय गोष्टीला लागतो. हेही मला माहीत होतं. माहीत असून चुकले, कारण बाईंचे डोळे भरलेले होते आणि मी शब्दाऐवजी डोळ्यांचं भाषांतर केलं.

आमच्या प्रशिक्षणात १९८० मधली फ्लोरिडाची घटना प्रत्येकाला सांगतात. एका तरुणाच्या घरच्यांनी "इंतोक्सिकादो" शब्द वापरला. त्यांना म्हणायचं होतं, काहीतरी खाल्लेलं बाधलंय. डॉक्टरांनी नशा केलीय असं धरलं, आणि मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळला नाही. मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला. त्या शब्दापाशी आम्ही सगळे सावध असतो. पेना इतका घरगुती शब्द आहे की त्याच्यापाशी सावध राहा असं मला कुणी सांगितलं नाही.

चूक लक्षात आली की दुभाष्याने ती लगेच सांगायची असते. काही सहकारी सांगत नाहीत. "मतितार्थ तर पोचला ना" म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मी बाईंना थांबवलं, धावत आत गेले आणि म्हणाले, "दुभाषीला एक दुरुस्ती करायची आहे. दुःख नाही. लाज." डॉक्टरीणबाई एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुढच्या पेशंटला बसवून ठेवून त्यांनी बाईंना परत बोलावलं. त्यासाठी मी त्यांना मनापासून मानते.

"कशाची लाज वाटते?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाईंनी पर्स उघडून आत दुमडून ठेवलेला जुना टॉवेल दाखवला. लघवी लागली की संडासापर्यंत पोचता येत नाही. खोकलं तरी होते, हसलं तरी होते. चर्चमध्ये एकदा बाकावर डाग पडला होता. अकरा वर्षं. रात्री चार वेळा उठायचं कारणही तेच. गोळी रद्द झाली, तपासण्या लिहून दिल्या, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला.

मला माझी आजी आठवत होती. तिचं अंग बाहेर येत असे. आईलाही तिने सांगितलं नव्हतं. "असलं कसं सांगायचं गं, लाज वाटते" एवढंच शेवटी म्हणाली. आणि मराठीत तर हे वाक्य अगदी तसंच बसतं. इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना "मे दा पेना" मधला "मला" अवघड जातो. आपल्याला नाही: मे गुस्ता, मला आवडतं, मे दा मिएदो, मला भीती वाटते, मे दा पेना, मला लाज वाटते. शब्दाला शब्द जुळतो. मी मनात मराठीतून गेले असते तर कदाचित चुकले नसते.

आता भेटीत तो शब्द आला की मी थांबते आणि विचारते: दुःखाची पेना की लाजेची? त्रिस्तेसा की बेर्ग्वेन्सा?

पण मला झोप लागत नाही ती मागच्या चार वर्षांमुळे. एक प्रसंग तर स्पष्ट आठवतो. मेक्सिकोचे एक गृहस्थ, मधुमेही, हातावर रंगाचे वाळलेले डाग. इन्सुलिन मध्येच का बंद केलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. "मे दा पेना, दोक्तोर," ते म्हणाले. मी म्हणाले, "मला दुःख होतं." डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, धीर दिला आणि तीच औषधं पुन्हा लिहून दिली. पैसे आहेत का, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. त्यांच्या पुढच्या भेटीच्या दिवशी मी खोलीबाहेर अर्धा तास उभी होते. ते आले नाहीत.