माफ केलंय, तरीही

मैत्रिणीशी कशावरून बिनसलं, असं लोक विचारतात. भांडण झालंच नाही, हे सांगितलं तर पटत नाही. भावाचा संसार मोडत होता तेव्हा मी तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. पुढे भलत्याच एका माणसाने माझी विचारपूस केली आणि ती करताना चक्क माझंच वाक्य वापरलं, जसंच्या तसं. तिने माफी मागितली. मनापासून मागितली, मीही माफ केलं. विषय तिथे संपायला हवा होता.

संपला नाही, कारण त्यानंतर माझं काम वाढलं. आता कोणाशीही बोलताना आधी तपासायचं, हे उद्या तिसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं तर चालेल का? मेसेज लिहायचा, त्याचा स्क्रीनशॉट कुठवर जाईल याचा अंदाज घ्यायचा, मग अर्धा पुसायचा. नुसत्या ‘कशी आहेस?’मागेही काय असेल ते ताडत बसायचं. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की विश्वासामुळे जगण्यातली गुंतागुंत कमी होते. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की पूर्वी ज्या शंका मनात येतच नव्हत्या त्या आता एकेक करून मलाच निस्तराव्या लागतात. दमायला होतं ते याने. त्या एका प्रसंगाने नाही.

याहून वाईट म्हणजे कोरडेपणा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याची मोजपट्टी मांडली, तिच्यात भावनिक थकव्याबरोबरच समोरच्याकडे माणूस म्हणून न बघण्याचाही भाग होता. ते संशोधन लोकांची सेवा करणाऱ्या नोकरदारांबद्दलचं. पण मामेबहीण फोनवर रडत होती आणि माझ्या मनात आलं, हिला आता माझ्याकडून काय हवंय? तिला काहीही नको होतं.

‘सगळेच तसे नसतात’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ठाऊक आहे हो! पण कोण तसं नाही हे ओळखायलाच तर दम लागतो, आणि तोच संपलाय.

मामेबहिणीला मी शेवटी सांगून टाकलं, सध्या माझ्याच्याने ऐकून घेणं होत नाहीये. नुसतं हं हं करत राहण्यापेक्षा ते बरं. फुगली थोडी. फुगू दे, निदान तिच्याशी मी खोटं तरी वागले नाही.