नेट गेलं की चालणारा पासवर्ड

"मॅडम, नेट बंद असलं की माझा पासवर्ड चालतो. नेट आलं की चालत नाही."

निफाड शाखेतल्या कॅशियर ताईंनी हे मला फोनवर तीनदा सांगितलं. डिसेंबरमधला सोमवार होता, काउंटरवर कांद्याचे पैसे काढायला आलेल्यांची रांग. तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं, "ताई, तुम्ही विसरला असाल. शांतपणे आठवून बघा." त्यांनी आठवून आठवून पाच वेळा टाकला आणि खातं लॉक झालं. शाखाधिकारी रांगेसमोरच त्यांना बोलले. हे सगळं मला फोनमधून ऐकू येत होतं.

मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखांमध्ये लिनक्सची मशीन आहेत आणि त्यांचं लॉगिन मी लिहिलेल्या मॉड्यूलमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका सुट्या तुकड्यातून होतं. पासवर्ड दोन ठिकाणी असतो: नाशिकच्या मुख्य सर्व्हरवर आणि शाखेतल्या मशीनच्या शॅडो फाइलमध्ये, म्हणजे लिनक्स जिथे पासवर्ड गुप्त रूपात साठवतं त्या फाइलमध्ये. दुसरी जागा ठेवायला कारण आहे. ग्रामीण शाखांची केबल रस्ता खोदताना तुटते, आणि केबल तुटली म्हणून काउंटर बंद ठेवता येत नाही.

लिनक्समध्ये हे काम पॅम नावाच्या व्यवस्थेतून चालतं. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी ती मांडली. लॉगिनची पद्धत प्रत्येक प्रोग्रॅममध्ये कोंबायची नाही, वेगवेगळी मॉड्यूलं एकाखाली एक रचायची आणि कुठल्या मॉड्यूलच्या कोणत्या उत्तरावर काय करायचं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. आमच्या फाइलमधली ती ओळ मी फार विचार करून लिहिली होती. सर्व्हर सापडलाच नाही, तर शाखेतल्या फाइलकडे जा. सर्व्हर सापडला आणि त्याने 'चूक' म्हटलं, तर तिथेच थांब. हा फरक केला नाही तर नोकरी सोडून गेलेला माणूस मुख्य सर्व्हरने नाकारल्यावरही शाखेतल्या जुन्या पासवर्डने आत शिरेल. असा फरक न केलेल्या फाइली मी इतर ठिकाणी पाहिल्या आहेत, म्हणून त्या ओळीचा मला आजही अभिमान आहे.

पासवर्ड मशीनच्या मेमरीतून पुसण्यावरही मी एक अख्खा दिवस घालवला होता. काम झाल्यावर पासवर्ड मेमरीत तसाच ठेवायचा नसतो. पण पुसायला मेमसेट ही साधी आज्ञा वापरली तर कंपायलरला, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं, या जागेचा पुढे काही उपयोग नाही, मग पुसायचं कशाला, आणि तो ती ओळ गाळून टाकू शकतो. म्हणून एक्सप्लिसिट-बीझिरो वापरलं, ती आज्ञा कंपायलर गाळत नाही. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, पासवर्डचं एक अक्षरही जाऊ दिलं नाही. एवढी काळजी घेतली होती, आणि नेमकी जिथे घ्यायला हवी होती तिथे घेतली नाही.

पॅममध्ये पासवर्ड बदलायचं एक फंक्शन असतं, चॉथटॉक. ते प्रत्येक वेळी दोनदा हाकारलं जातं. पहिल्या फेरीत सोबत 'प्रीलिम चेक' हा झेंडा, म्हणजे फेरी कोणती ते सांगणारी खूण येते, दुसऱ्या फेरीत 'अपडेट ऑथटॉक'. पहिली फेरी फक्त विचारण्यासाठी असते. जुना पासवर्ड बरोबर आहे का, सर्व्हर जागेवर आहे का, बदलायला कोणाची हरकत आहे का? सगळ्या मॉड्यूलांचा होकार आला, तरच दुसरी फेरी होते आणि तिथे खरा बदल करायचा. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत सगळ्यांचा होकार आल्यावर सुपारी फुटते, तसंच हे.

मॉड्यूल लिहिताना मला लॉगमध्ये दिसलं होतं की फंक्शन दोनदा चालतंय. वापरणाऱ्याला नवा पासवर्ड दोनदा विचारला जात होता. डेडलाइन डोक्यावर होती. मी कागदपत्रं उघडली नाहीत. 'नवा पासवर्ड एकदा मिळालेला असेल तर काही न करता यशस्वी म्हणून परत जा' एवढी अट घातली आणि पुढे गेले. म्हणजे माझं मॉड्यूल पहिल्याच फेरीत पासवर्ड विचारून सर्व्हरवर बदलून मोकळं होत होतं, आणि दुसऱ्या फेरीत गप्प बसत होतं. बाकीच्यांनी होकार देण्याआधीच सुपारी फुटत होती.

ऑफिसमधल्या टेस्टिंगमध्ये हे कधी दिसलं नाही, कारण आमच्या मशीनवर नकार द्यायला कोणीच नव्हतं. शाखेत होतं. पासवर्ड बदलल्यावर सात दिवस पुन्हा बदलायचा नाही, असा तिथे नियम लावलेला होता आणि तो फक्त शाखेतल्या मशीनवर होता, सर्व्हरवर नव्हता.

दुपारी जेवणं सोडून मी दोन्हीकडचे लॉग शेजारी शेजारी ठेवले. शुक्रवार, संध्याकाळी ५ वाजून ४२ मिनिटं. मुख्य सर्व्हर म्हणतो: निफाडच्या कॅशियरचा पासवर्ड बदलला. त्याच मिनिटाला शाखेतलं मशीन म्हणतं: सात दिवस झाले नाहीत, बदलला नाही. ताईंच्या स्क्रीनवर आलं होतं 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' आणि खाली 'पासवर्ड अनचेंज्ड', म्हणजे पासवर्ड बदललेला नाही. पहिली ओळ काउंटरवरच्या माणसाला काय सांगते ते मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेलं नाही. दुसरी ओळ ताईंना नीट कळली आणि तिच्यावर त्यांनी विश्वास ठेवला. ती ओळ खोटी होती.

शनिवारी दिवसभर केबल तुटलेली, जुना पासवर्ड शाखेतल्या फाइलशी जुळला, काम झालं. सोमवारी लाइन आली, सर्व्हरने नाही म्हटलं. अकराच्या सुमारास पंधरा मिनिटं लाइन गेली, पुन्हा चालला. ताईंनी हे सगळं बघून जे अनुमान काढलं होतं, ते माझ्या कुठल्याही तपासापेक्षा नेमकं होतं.

मी फोन केला. म्हटलं, "ताई, शुक्रवारी जो नवा टाकला होता, तो टाकून बघा."

"पण तो तर झालाच नाही ना?"

"झाला होता. चूक आमची आहे."

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी विसरले नव्हते?"

सात दिवसांच्या आत त्यांना पासवर्ड बदलावा का लागला, तेही नंतर कळलं. गुरुवारी सासूबाईंना घेऊन त्या नाशिकला दवाखान्यात आल्या होत्या. काउंटर अडलं म्हणून शाखेतून फोन आला आणि त्यांना पासवर्ड सांगावा लागला. शुक्रवारी परत आल्याबरोबर त्यांनी तो बदलायला घेतला. सगळ्या शाखांमध्ये मिळून सुरक्षेचं सगळ्यात शहाणं काम त्या आठवड्यात त्यांनीच केलं, आणि नियमाने त्यांना अडवलं. त्याच संस्थेत दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती आहे. तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ सालीच म्हटलं होतं की फुटल्याचा पुरावा नसेल तर ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. मी ते छापून बैठकीत नेलं होतं. ऑडिटच्या यादीत रकाना आहे, म्हणून सक्ती आहे, असं उत्तर मिळालं.

मॉड्यूल त्या रात्री पुन्हा लिहिलं. पहिल्या फेरीत ते सर्व्हरला फक्त विचारतं, बदलत काही नाही. दुसऱ्या फेरीत आधी सर्व्हर, मग शाखेची फाइल. फसण्याची शक्यता नेटवर जास्त, म्हणून ते आधी, आणि तिथे फसलं तर साखळी तोडायची, म्हणजे शाखेची फाइल जशीच्या तशी राहते. सात दिवसांचा नियम सर्व्हरवरही आणला.

तरीही एक फट उरते. पॅममध्ये दुसऱ्या फेरीत केलेलं मागे घ्यायची सोय नाही. सर्व्हरने पासवर्ड बदलला आणि 'झालं' हे उत्तर येता येता लाइन तुटली, तर शाखेला काय समजायचं? मी प्रत्येक बदलाला एक क्रमांक दिला. उत्तर आलं नाही तर मॉड्यूल तोच क्रमांक दाखवून पुन्हा विचारतं, 'झालं का?' तेही पोचलं नाही, तर माणसाला काहीतरी सांगावंच लागतं. तो संदेश मी चार वेळा खोडला. शेवटी नांदूर नाक्यावरून ओढा, चांदोरी करत निफाडला गेले, ताईंच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलेलं वाक्य आता सगळ्या शाखांच्या स्क्रीनवर येतं: 'पासवर्ड बदलला की नाही ते कळलं नाही. आधी नवा टाकून बघा, नाही चालला तर जुना. तुमची चूक नाही.'

शेवटचे तीन शब्द काढावेत असं आमच्या सरांचं मत होतं. मी काढले नाहीत.

निघताना कळलं की शाखेच्या रजिस्टरमध्ये त्या सोमवारी 'कॅशियर पासवर्ड विसरल्याने काम खोळंबले' अशी नोंद झाली आहे. ती खोडावी म्हणून मी लेखी पत्र दिलं, लॉगच्या प्रती जोडल्या. शाखाधिकारी म्हणाले, "एवढं काय त्यात, मॅडम." दोन आठवडे झाले, उत्तर नाही. मंगळवारी पुन्हा जाते आहे.