काखा किती?

चाळीस फोटो लहान करायचे होते. हाताने एकेक केला असता तर पंधरा मिनिटांत आटोपलं असतं. पण प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्याला असलं काम हाताने करायची लाज वाटते. म्हणून पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा नि ती चालवणारं सॉफ्टवेअर, उघडलं, फोटो हाताळायचं 'पिलो' नावाचं तयार कोडचं पॅकेज टाकलं, आणि बघता बघता रात्रीचे साडेअकरा वाजले.

पायथनची पॅकेजं उतरवून देणारं पिप सांगत होतं, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. म्हणजे, आहे की पॅकेज, परत परत काय मागतोस. आणि शेजारच्या खिडकीत, कोड लिहायच्या एडिटरमध्ये, पायथन कानावर हात ठेवून म्हणत होतं, 'नो मोड्यूल नेम्ड पिलो'. म्हणजे, या नावाचं इथे काही नाही.

आधी माझीच चूक सापडली. पिलो हे नाव फक्त इन्स्टॉल करताना चालतं, कोडमध्ये त्याला 'पीआयएल' म्हणायचं. दाखल्यावर एक नाव आणि घरात हाक मारायला दुसरं, तसला प्रकार. पीआयएल हे मूळ पॅकेज. त्याची शेवटची आवृत्ती २००९ मध्ये आली आणि काम थंडावलं. पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी ते हाती घेतलं, नाव पिलो ठेवलं, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून आतलं नाव तसंच राहू दिलं. भला विचार आहे, फक्त नवख्याला तो कुणी सांगत नाही. चित्रांवरच काम करणाऱ्या ओपनसीव्ही या पॅकेजचंही तेच, टाकायचं ओपनसीव्ही आणि बोलवायचं 'सीव्हीटू'.

नाव सुधारलं. 'नो मोड्यूल नेम्ड पीआयएल'.

मग मी जे सगळे करतात ते केलं. पॅकेज काढलं, परत टाकलं. टर्मिनल बंद करून उघडलं. परत काढलं, परत टाकलं. शेवटी कॉम्प्युटरच रीस्टार्ट केला. हे उपाय नसतात, नवस असतात. आणि एखाद्या वेळी फळतात, म्हणून सुटतही नाहीत.

एका मैत्रिणीला मेसेज केला. ती याच कामात मुरलेली.

"कुठल्या पायथनमध्ये टाकलंस?"

"कुठल्या म्हणजे? पायथनमध्ये."

"अरे, किती आहेत ते तरी बघ आधी."

बघितले. प्रोग्रॅम कुठे आहे ते सांगणाऱ्या 'व्हिच' कमांडला म्हटलं, असतील तेवढे सगळे दाखव. तीन ओळी आल्या. एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेलं, एक मी कधीतरी हौसेने उतरवलेलं, एक कुठल्याशा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मागून घरात शिरलेलं. मग एडिटरमध्ये 'सिस डॉट एक्झिक्युटेबल', म्हणजे चालू असलेल्या पायथनचा पत्ता, छापून पाहिलं, तर तिथे चौथंच! एका अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, एडिटरने धरून ठेवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. कळसा काखेतच होता, पण काखा चार निघाल्या.

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. पिप आपल्या पायथनचं सांगत होतं, आणि एडिटरमधलं पायथन आपलं. 'पिप व्हर्जन' विचारलं की ते कुठल्या फोल्डरमधून आणि कुठल्या पायथनसाठी चालतंय हे त्याच ओळीच्या शेवटी लिहिलेलं असतं. मी आजवर फक्त सुरुवातीचा आकडा वाचत आलो.

प्रत्येक पायथनकडे फोल्डरांची एक यादी असते, आणि इम्पोर्ट, म्हणजे 'अमुक पॅकेज आण', म्हटलं की ते त्या यादीतली दारं क्रमाने ठोठावतं. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये असेल त्याला सहसा पहिला मान. पूर्वी एकदा मी स्वतःच्या फाइलला 'रँडम' नाव दिलं होतं. पायथनबरोबर येणारं खरं रँडम पुढच्या दारांमागे बसून राहिलं आणि पायथनने उंबऱ्यातली माझी फाइल उचलली. त्या दिवशीही मी आधी दोष दिला तो पायथनलाच.

गंमत अशी की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची सोय मुळात हा घोळ टाळायलाच केली आहे. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ती पायथनमध्येच मिळते. प्रत्येक प्रोजेक्टचा संसार वेगळा, भांड्याला भांडं लागायला नको. मीच कधीतरी वेगळा संसार थाटला आणि थाटल्याचं विसरलो.

उपाय एका ओळीचा निघाला. नुसतं 'पिप इन्स्टॉल' म्हणायचं नाही. ज्या पायथनला पॅकेज हवंय, त्याचंच नाव घेऊन पुढे 'डॅश एम पिप इन्स्टॉल पिलो' लिहायचं, म्हणजे ते स्वतःचंच पिप चालवतं. एडिटरने धरलेल्या त्या चौथ्याचा पूर्ण पत्ता टाइप केला, ओळ संपवली, आणि मग इम्पोर्ट लिहून एंटर मारलं. काहीच आलं नाही. दोन मिनिटं मी त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसलो. इथे काहीच न येणं म्हणजे जमलं, हे ठाऊक असूनही विश्वास बसेना.

फोटो काही सेकंदांत लहान झाले. चारही पायथन अजून आहेत. सिस्टिमच्याला हात लावायची सोय नाही, तिची स्वतःची कामं त्यावर चालतात. आणि बाकीच्यांपैकी एकात, जिथे त्याची कुणालाच गरज नाही तिथे, तीनदा टाकलेलं पिलो निवांत पडून आहे.