वेलांटी धरून की सोडून?

आमच्या पहिल्या हंगामाच्या पाच हजार बाटल्या चार महिने बिनालेबलच्या पडून होत्या. द्राक्षं पिकवताना झाले नसतील तेवढे केस त्या चार महिन्यांत पांढरे झाले. कुणी स्वतःची छोटी वायनरी काढायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा, मग क्रशरची कोटेशनं मागवा.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिकभर वायनऱ्या निघायला लागल्या, आणि अण्णांनी थॉमसनचे, म्हणजे खायच्या द्राक्षांचे, चार एकर मोडून करारावर वाइनची द्राक्षं लावली. अण्णा म्हणजे माझे वडील. माळकरी माणूस, थेंबाला शिवत नाही, पण डाळिंबासारखंच हेही एक पीक, असं त्यांचं म्हणणं. २००८-०९च्या मंदीत करार करणाऱ्यांनी माल उचलणं थांबवलं. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत कोण विचारणार? मणी बारीक, साल जाड, आत बिया. आजूबाजूच्यांनी बागा उपटल्या. आम्ही दोन एकर शेनिन (पांढऱ्या वाइनचं द्राक्ष) आणि एक एकर शिराझ (लाल वाइनचं) ठेवली, जमेल तशी विकत राहिलो आणि शेवटी ठरवलं की आपली वाइन आपणच करायची.

परवाना, जागेची तपासणी, टाक्यांची मापं यात दीड वर्ष गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, कागद पुरे असले की कामं होतात.

फेब्रुवारी २०१९. शेनिन २२ ब्रिक्सला, म्हणजे हव्या तेवढ्या गोडीला, आला. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका पहाटे चारला डोक्याला बॅटऱ्या लावून तोडायला उभ्या, कारण ऊन चढायच्या आत क्रेट सावलीत आले पाहिजेत. साधारण सहा टन माल निघाला. रस आंबताना टाकी १५-१६ अंशांवर ठेवायची होती. एका रात्री चिलर बंद पडला आणि पहाटेपर्यंत पारा २१ वर गेला. त्या रात्रीची खूण पहिल्या वाइनमध्ये आहे. वास पिकल्या पेरूचा, शेवटी मात्र जरा उग्र. अण्णांनी ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, “ताकासारखी आंबट नाही ना, मग झालं.”

आता लेबल.

मार्चमध्ये हातात वेळ होता म्हणून मंजुरीआधीच लेबलं छापून घेतली. हा शहाणपणा आमचाच, दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही. पुतण्या तेव्हा पुण्यात डिझाइन शिकत होता, त्यानं सुरेख लेबल केलं होतं. वर विहीर आणि मोट, खाली नाव, बाकी सगळं पांढरं. आणि १ एप्रिल २०१९पासून मद्याच्या बाटल्यांसाठी अन्नसुरक्षेचे नवे नियम लागू झाले. नुसतं ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे’ पुरेना, पुढे ‘सुरक्षित राहा, मद्यपान करून वाहन चालवू नका’ हेही हवं. आमच्या लेबलावर अर्धंच वाक्य. सहा हजार लेबलं रद्दीत.

नवीन केली. ज्या कार्यालयात लेबल मंजूर होतं तिथं घेऊन गेलो. पंधरा दिवसांनी परत आली. कारण अण्णांनी हट्टानं मागच्या बाजूला एक ओळ घालायला लावली होती: ‘विषमुक्त मळ्यातली आरोग्यदायी वाइन’. पुढच्या बाजूला हानिकारक, मागच्या बाजूला आरोग्यदायी! तिथला कारकून हसला नाही, पण मला हसू आलं. मद्याच्या लेबलावर आरोग्याचा दावा चालत नाही, एवढं आम्हाला ठाऊक हवं होतं.

तिसऱ्यांदा अल्कोहोलचा आकडा. लेबलावर १२.५ टक्के, प्रयोगशाळेच्या अहवालात १२.९. टाकीत असतानाच अंदाजानं आकडा छापायला दिला होता. (अहवाल हातात आल्याशिवाय आकडा टाकू नका. वाइन टिकवायला घातलेलं सल्फाइट असल्याची ओळ आणि १४ आकडी अन्न परवाना क्रमांक विसरू नका. हे मला आधीच सांगायला हवं होतं, पण राग आला की क्रम राहत नाही.)

चौथ्या खेपेला जून उजाडला होता. बाटल्या भरून झाल्या होत्या, मागच्या खोलीत दोन एसी लावून ठेवल्या होत्या. मे महिन्यात नाशिक चाळिशीला टेकतं. वीज गेली की जनरेटर, जनरेटर म्हणजे डिझेल. शेनिन ताजी असतानाच प्यायची वाइन, ती काही मुरायला ठेवलेली नव्हती. इकडे खरड छाटणीची मजुरी उधारीवर. एक पाहुणा खोलीत डोकावून म्हणाला, “हातभट्टीचा माल दिसतो.” त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तर चौथी खेप. इशाऱ्याचं अक्षर तीन मिलिमीटरपेक्षा लहान नको. पुतण्याला ‘व्हाइट स्पेस’ हवी होती, त्यानं ते बसेल तितकं बारीक केलं होतं. कारकुनानं ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली, भिंग काढलं, आणि ‘हानिकारक’मधल्या ‘नि’वर पट्टी ठेवली.

“भाऊसाहेब, हे अडीच भरतंय.”

“साहेब, वेलांटी धरली तर सव्वातीन होतं.”

त्यांनी पुन्हा मोजलं. मग भिंग मला दिलं, मीही मोजलं. आम्ही दोघं एका टेबलावर वाकून एका वेलांटीकडे बघत होतो. मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, “काय, हिरा आहे का?”

“वेलांटी धरायची की सोडायची,” कारकून म्हणाले, “हे वर विचारावं लागेल.”

विचारायला गेलेला कागद तेवीस दिवस परत आला नाही. मी दर सोमवारी जायचो. पहिल्या सोमवारी साहेब रजेवर, दुसऱ्या सोमवारी कागद दुसऱ्या टेबलावर, तिसऱ्या सोमवारी टेबलच दुसऱ्या खोलीत. त्या माणसांनी माझ्याकडे एक रुपया मागितला नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण मागितला असता तर निदान भांडता आलं असतं! शेवटी कारकुनानंच मला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. “भाऊसाहेब, उत्तर काय येईल ते मला नाही माहीत. वेलांटी, उकार, रफार सगळं सोडून नुसता ‘म’ तीन करून आणा. मग कुणीच काही विचारणार नाही.”

हे तो पहिल्याच दिवशी म्हणाला असता तर! पण मीही पहिल्या दिवशी भांडलोच, त्रुटी लेखी मागितली नाही. लेखी मागा. आणि मोबाइलवरची पीडीएफ दाखवू नका, खऱ्या मापाची छपाई भरलेल्या बाटलीवर चिकटवून न्या. गोलाईवर कडेची अक्षरं वळून जातात, तेही विचारतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. चिकटवायला घरातलीच सगळी बसलो. अण्णा पुसायला, आई चिकटवायला, मी खोक्यात भरायला. दिवाळीपर्यंत अर्ध्याहून जास्त बाटल्या गेल्या.

दुसरा हंगाम, २०२०, पहिल्यापेक्षा कितीतरी सरस. चिलर बदलला होता, शेवटचा उग्रपणा गेला होता. लेबल एका खेपेत मंजूर. आणि मार्चअखेर टाळेबंदी. त्यावर बोलण्यात अर्थ नाही, ती सगळ्यांनाच लागली.

पुतण्या आता नोकरीला आहे, तरी लेबल तोच करतो. त्याला सांगून ठेवलंय, साडेतीन मिलिमीटर. वेलांटी सोडून.