‘नशीब लागतं हो!’

क्वीनबियनच्या रेसकोर्सजवळून जाताना मी काकांना घोड्यांचा ट्रेनर जो जॅनियाक याची गोष्ट सांगितली, त्यावर ते एवढंच म्हणाले. दिवसभर डोक्यात तेच घोळतंय.

ऑस्ट्रेलियातलं हे छोटं गाव. पोटासाठी टॅक्सी चालवायची, रेसकोर्सशेजारी कॅराव्हॅनमध्ये राहायचं आणि जोडीला घोडे तयार करायचे. अशा माणसाने सुमारे 1,250 डॉलरला एक घोडा घेतला, टेकओव्हर टार्गेट. गुडघे दुखरे, तोवर एकही शर्यत न धावलेला.

2004 मध्ये तो इथेच पहिल्यांदा धावला आणि जिंकला. 2006 मध्ये इंग्लंडला रॉयल ॲस्कॉट या नामांकित मेळ्यातली किंग्ज स्टँड शर्यत जिंकली, त्याच वर्षी जपानची स्प्रिंटर्स स्टेक्सही!

मोठ्या तबेल्यात घोडे बरेच, नाजूक पायाच्या एकासाठी कोण थांबणार? जोकडे मात्र वेळ होता, आणि तो त्याने त्या गुडघ्यांना दिला. मला तरी खरी ट्रेनरकी हीच वाटते.

2009 मध्ये नऊ वर्षांच्या त्या घोड्याने ॲडलेडची गुडवुड शर्यत जिंकली. काका, दुखऱ्या गुडघ्यांचा घोडा इतकी वर्षं नुसत्या नशिबावर पळतो का हो?