बुरशी धरलेली बाडं आणि आमचा हूड

आमच्या ग्रंथालयात पोथ्या साफ करायच्या म्हणजे खिडकी उघडायची, मास्क लावायचा आणि ब्रश हाती घ्यायचा, अशी रीत होती. पावसाळ्यात तळमजल्यावरच्या मोडी बाडांना बुरशी धरली आणि एवढ्यावर भागणार नाही हे उघड झालं. झटकलेली बुरशी शेजारच्या टेबलावरच्या चांगल्या पोथीवर जाऊन बसते. शिवाय कित्येक पोथ्यांत चुकलेली अक्षरं हरताळ लावून झाकलेली. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. त्याची भुकटी नाकात जाता कामा नये.

म्हणून हूड, म्हणजे ज्यात पोथी ठेवून साफ करायची अशी, पुढे काच असलेली आणि हवा आत ओढून गाळणारी पेटी, घ्यायचं ठरवलं आणि कोटेशनं मागवली. एका विक्रेत्याने लॅमिनार फ्लो बेंच सुचवला. किंमत कमी, हेपा फिल्टरही (हवेतले बारीक कण अडवणारी गाळणी) होता. पण माहितीपत्रकातले बाण पाहिले, तर गाळलेली हवा मागून येऊन थेट बसणाऱ्याच्या तोंडावर! असा बेंच आतली वस्तू स्वच्छ ठेवतो, माणसाचं रक्षण करत नाही. बुरशीच्या कामाला तो मुळीच घेऊ नका. हवा आत ओढणाराच हूड लागतो.

हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो आणि बुरशीचे बीजाणू त्याहून बरेच मोठे असतात. कामात लागणाऱ्या इथेनॉल-ॲसिटोन या द्रावकांची वाफ मात्र त्यातून आरपार जाते. तिच्यासाठी सक्रिय कोळशाचा थर हवा, आणि तो दमट हवेत लवकर निकामी होतो. आम्ही दोन्ही थर असलेला हूड घेतला आणि फिल्टर बदलायची तारीख काचेवरच चिकटवली.

बसवून झाल्यावर, द्रावकांच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत हलवून, उदबत्ती पेटवली. काचेखालच्या फटीपाशी धरली तर धूर सरळ आत. छताचा पंखा लावला आणि तोच धूर कडेने वळून बाहेर, माझ्याकडे आला. तेव्हापासून काम चालू असताना पंखा बंद. उकाड्यात जिवावर येतं, पण याला इलाज नाही.

हूडमधली हवेची ओढ फार ठेवली की कसरीने खाल्लेल्या पानांचे कपटे उडतात. त्यावर अक्षरं असतात, एकही गमावून चालत नाही. म्हणून ओढ बेताची ठेवतो, आतल्या झरोक्यावर नायलॉनची जाळी लावली आहे आणि पान छोट्या वजनांनी धरून ब्रश शिवणीकडून बाहेर फिरवतो.

साफ झालेली बाडं नव्या रुमालात बांधून वरच्या मजल्यावर ठेवतोय. तळमजल्यावर आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली येत नाही तोवर ती तिथे परत न्यायची नाहीत.